आधी तारा, आधी नवी लिंक की आधी नव्या गाड्या?

रेल्वेच्या सुधारणेवर लोकांचं मत मागवलं की आपण सगळंच मागतो. नवा जोडमार्ग (म्हणजे लिंक) पण हवा, विजेवरची गाडी पण हवी, जुने खडखडणारे डबे जाऊन नवे पण हवेत. आणि खरंच सगळं हवंच असतं, त्यात चूक काहीच नाही. पण पैसे एका टप्प्यात एकाच मोठ्या कामाला पुरतात आणि पहिला टप्पा कुठला यावर पुढची वीस वर्षं ठरतात. म्हणून प्रवासी संघटनेतर्फे असो, नगरपरिषदेत असो किंवा नुसतं एक नागरिक म्हणून असो, तुम्हाला यातलं एक निवडायची वेळ आली असेल तर हे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघूया. मी शेवटी बाजू घेणार आहे हे आधीच सांगतो, कारण नुसतं "प्रत्येकाचे फायदे-तोटे आहेत" म्हणून सोडून दिलं तर ठरवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

सगळ्यात आधी एक काम करा. एक वही आणि घड्याळ घेऊन आठवडाभर तुमच्या रोजच्या गाडीने जा आणि तीनच गोष्टी लिहा. गाडीची वाट बघण्यात किती मिनिटं गेली, दोन स्टेशनांच्या मधे धावण्यात किती गेली, आणि शेवटच्या स्टेशनाच्या बाहेर सिग्नलला उभं राहण्यात किंवा गाडी बदलण्यात किती गेली. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत आहे, कारण तुमचा वेळ जिथे जातोय तिथेच औषध लावायचंय.

विद्युतीकरण

डिझेल गाडी सुटताना फलाटावर उभं राहून नीट ऐका. सिग्नल मिळतो, इंजिनाचा आवाज चढतो, वरून काळा लोट निघतो, दोन-तीन सेकंद नुसता आवाजच, मग कपलिंगला झटके बसत एकेक डबा हलतो आणि शेवटचा डबा फलाट सोडतो तेव्हाही गाडी रांगतच असते. विजेच्या लोकलचं तसं नाही, मोटारी एकाच इंजिनात नसतात तर गाडीभर डब्यांखाली विभागलेल्या असतात आणि तारेतून लागेल तितकी ताकद लगेच ओढता येते, त्यामुळे दारं बंद झाली की गाडी थेट वेग घेते. एका थांब्याला वाचतात फार तर अर्धं-एक मिनिट, पण वीस थांबे असतील तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून नियम सोपा आहे, स्टेशनं जवळजवळ असतील तर विद्युतीकरणाचा फायदा प्रचंड, आणि चाळीस किलोमीटर न थांबता धावायचं असेल तर वेळेचा फायदा कमी, मग धूर, आवाज आणि इंधन यांचाच फायदा उरतो (तोही लहान नाही, रुळाशेजारी राहणाऱ्यांना विचारा).

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातली कॅलट्रेन. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे, साधारण ८० किलोमीटर, वर्षानुवर्षं डिझेल इंजिन आणि १९८५ पासूनचे डबे. सप्टेंबर २०२४ मधे सगळी सेवा २५ हजार व्होल्टच्या तारेवर आली आणि प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या गाडीला जिथे १०० मिनिटं लागायची तिथे ७५ लागायला लागली. रूळ तेच, स्टेशनं तीच, वळणं तीच. एकही नवा बोगदा नाही. खर्च मात्र २.४ अब्ज डॉलरच्या घरात गेला, पण त्यात तारा पण आल्या आणि नव्या गाड्या पण आल्या, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा कारण पुढे परत येणार आहे.

आता दुसरी बाजू. तारा टाकणं म्हणजे खांब पुरून वायर ओढणं एवढंच वाटतं, पण खरं काम खाली आणि आजूबाजूला असतं. तारेला जागा मिळावी म्हणून जुने पूल उचलावे लागतात नाहीतर रूळ खाली घ्यावे लागतात, सिग्नलच्या जुन्या केबलवर विजेचा परिणाम होऊ नये म्हणून ती यंत्रणा बदलावी लागते, सबस्टेशनसाठी जागा लागते आणि ग्रिडकडून जोडणी मिळवावी लागते. इंग्लंडमधे ग्रेट वेस्टर्न मार्गाचं हेच झालं, २०१३ मधे अंदाज होता ८७.४ कोटी पाउंड आणि दोनच वर्षांत तो २८० कोटींवर गेला. मग काय, २०१६ मधे ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टलचे तुकडे पुढे ढकलले, २०१७ मधे कार्डिफ ते स्वान्सी रद्दच केला. आणि ज्या नव्या गाड्या निव्वळ विजेवर धावायला मागवल्या होत्या त्यांच्या पोटात डिझेल इंजिनं बसवावी लागली. आजही लंडनहून निघालेली गाडी कार्डिफपर्यंत तारेवर येते आणि तिथून पुढे डिझेल चालू करून स्वान्सीला जाते, म्हणजे ती इंजिनं तारेखालीही सगळीकडे वाहून न्यायची.

तारा टाकल्या की आपोआप विजेची लोकल येते असंही नाही. पुणे-दौंडचं उदाहरण आपल्याच समोर आहे, २०१७ मधे विद्युतीकरण झालं तरी प्रवाशांना मिळाली ती डेमू, म्हणजे वर तार आणि खाली डिझेल. मधल्या स्टेशनांचे फलाट लोकलच्या उंचीचे नव्हते, आणि मुंबईसारख्या लोकलला दारात पायऱ्या नसतात, तिला फलाट डब्याच्या जमिनीच्या जवळपासच लागतो. तारेवर खर्च झाला आणि अडलं ते सिमेंटच्या दीड-दोन फुटांवर. मला हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं, कारण रोज त्या मार्गाने कामाला जाणाऱ्याला हे कुणी समजावून सांगत नाही, त्याला फक्त डोक्यावरची तार दिसते.

नव्या गाड्या

तिन्हींमधे हा सगळ्यात लवकर दिसणारा बदल. ऑर्डर दिल्यापासून तीन ते पाच वर्षांत गाडी फलाटावर येते, जमीन संपादन नाही, कोर्टकचेऱ्या कमी, आणि प्रवाशाला पहिल्याच दिवशी फरक कळतो. पण नवी गाडी रूळ बदलत नाही, सिग्नल बदलत नाही, आणि शेवटच्या स्टेशनाबाहेरची रांग तर अजिबात बदलत नाही. तुमच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा "वाट बघण्यात" असेल आणि गाड्या कमी पडतात म्हणून वाट बघावी लागत असेल, तर पहिली मागणी हीच. नसेल तर नाही.

घासाघीस जिथे करायची ती दारांवर करा, सीटच्या रंगावर नको. गर्दीच्या मार्गावर एका बाजूला किती दारं आहेत, ती किती रुंद आहेत, बंद व्हायला किती सेकंद लागतात, फलाट आणि डबा यांत किती फट आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमधे २०१४ पासून नव्या विजेच्या गाड्या आल्या, ५७ रेक (म्हणजे जोडलेल्या डब्यांचे संच), दिसायला देखण्या आणि धावायला वेगवान, पण दारं उघडून पायरी बाहेर येऊन परत बंद होण्याच्या सगळ्या सोपस्कारात स्टेशनावरच इतका वेळ जायचा की मधे कमावलेला वेग थांब्यावर सांडायचा. म्हणजे मोटारीवर पैसे घातले आणि दाराने ते खाल्ले. दाराचे दहा सेकंद हा छोटा मुद्दा वाटतो, पण पंधरा थांब्यांना तेच अडीच मिनिटं होतात, आणि पुढच्या गाडीची जागा अडते ती वेगळी.

फटीबद्दल थोडं थांबून लिहितो कारण त्यात माणसांचे जीव गेलेत. मुंबईत फलाट कमी उंचीचे होते तेव्हा डब्याची जमीन वर आणि फलाट खाली, धावत चढणारा पाय त्या फटीत जायचा. पुढे फलाट ९०० मिलिमीटरच्या आसपास उचलले गेले. एक म्हातारी बाई हातात पिशवी घेऊन फटीसमोर उभी राहते, आधी पिशवी आत ठेवते, मग दांडी धरते, मग एक पाय, तोवर मागचे ढकलतात. हे दृश्य ज्याने रोज बघितलंय तो नव्या गाडीच्या आधी फलाटाची उंची विचारेल. फलाट न बदलता नवी गाडी घ्यायची असेल तर ती त्या फलाटाला जुळणारी घ्या, आणि फलाट बदलायचे असतील तर तो खर्च गाडीच्या अंदाजपत्रकातच मोजा, "नंतर बघू" म्हटलं की ते नंतर कधीच येत नाही.

लांबीचंही तसंच. लंडनमधे एलिझाबेथ लाईन या शहराखालून जाणाऱ्या नव्या मार्गाच्या गाड्या ९ डब्यांच्या बनवल्या पण २०१७ मधे त्या जुन्या मार्गावर सुरू केल्या तेव्हा लिव्हरपूल स्ट्रीटच्या जुन्या फलाटात बसेनात, म्हणून ७ डब्यांच्या करून चालवाव्या लागल्या. उलट मुंबईत १२ ऐवजी १५ डबे केले की त्याच मोटरमनमधे, त्याच सिग्नलच्या जागेत २५ टक्के माणसं जास्त जातात. गाड्या वाढवता येत नसतील तर डबे वाढवणं हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त इलाज आहे असं माझं ठाम मत आहे, फक्त फलाट लांब करायची आणि कारशेडमधे जागा काढायची तयारी पाहिजे.

जुन्या गाड्या म्हणजे टाकाऊच असंही समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या पर्थने आपली लाईन विजेवर नेल्यावर १९९३ मधे जुन्या डिझेल गाड्या ऑकलंडला विकल्या, आणि मरायला टेकलेली ऑकलंडची लोकल त्या जुन्या गाड्यांवर पुढची वीस वर्षं तगली. कॅलट्रेनने आपले डबे आणि इंजिनं पेरूच्या लिमा शहराला दिली. तुमच्या मार्गावर आज गाड्यांचीच टंचाई असेल तर दुसऱ्या मार्गावरचा सुस्थितीतला जुना रेक दोन वर्षांत मिळणं हे नवा रेक पाच वर्षांनी मिळण्यापेक्षा कितीतरी बरं.

तारा पण नकोत आणि डिझेल पण नको म्हणणाऱ्यांसाठी बॅटरी आहे. जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइनमधे २०२३ पासून बॅटरीवरच्या ५५ गाड्यांचा ताफा डिझेलच्या जागी आणला, तार असेल तिथे चार्ज व्हायचं, नसेल तिथे बॅटरीवर धावायचं. मधे जिथे लांब अंतरापर्यंत तार नाही तिथे एखाद्या स्टेशनापुरता तारेचा तुकडा टाकायचा. हायड्रोजनचा गाजावाजा पण खूप झाला, शेजारच्या लोअर सॅक्सनीने २०२२ मधे हायड्रोजनच्या १४ गाड्या आणल्या आणि वर्षभरातच पुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायच्या असं ठरवलं. शाखेचा मार्ग असेल, दिवसाला वीस-पंचवीस गाड्या असतील तर बॅटरीचा विचार जरूर करा. दर पाच मिनिटांनी भरून गाडी जाते तिथे मात्र तारेला पर्याय नाही.

नवी लिंक

ही सगळ्यात महाग, सगळ्यात हळू, आणि बरोबर जागी पडली तर सगळ्यात मोठी.

शेवटच्या स्टेशनात गाडी आली की काय होतं ते कधी निवांत बघा. माणसं उतरतात, मोटरमन आपली बॅग उचलतो, केबिनला कुलूप लावतो आणि गर्दीतून वाट काढत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चालत जातो, पलीकडच्या केबिनमधे बसतो, ब्रेक तपासतो, मग सिग्नल. या सगळ्यात सहा-सात मिनिटं फलाट अडलेला, आणि बाहेर मागची गाडी उभी. शिवाय बाहेर पडणारी गाडी आत येणाऱ्या गाडीचा रूळ ओलांडून जाते, म्हणजे दोघींपैकी एकीला थांबावंच लागतं. अशा स्टेशनात कितीही वेगवान गाड्या आणा, तास भरला की भरला. ऑकलंडचं ब्रिटोमार्ट असंच, २००३ मधे उघडलं, आत जायला दोनच रूळ आणि पुढे भिंत, तासाला वीसेक गाड्या की संपलं. म्हणून तिथे शहराच्या पोटातून ३.४५ किलोमीटरचा जोड बोगदा खणायला घेतला, जेणेकरून गाडी आत येऊन परत न फिरता पुढे निघून जाईल.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकने हे १९९० मधेच करून दाखवलं, मुख्य स्टेशन शेवटचं होतं ते बोगद्याने आरपार केलं आणि सगळी उपनगरी सेवा त्याच्याभोवती नव्याने रचली. एका जोडामुळे दोन वेगळ्या दिशांच्या गाड्या एकच गाडी झाल्या, बदलायची कटकट गेली आणि शहराच्या मधे गाडी उभी करायला यार्ड लागेना. चार-पाच किलोमीटरच्या लिंकने शंभर किलोमीटरच्या जाळ्याचं वागणं बदलतं, ही ताकद बाकी दोन्ही पर्यायांत नाही.

पण किंमत आणि वेळ, दोन्हींवर छातीवर दगड ठेवा. ऑकलंडच्या बोगद्याचा अंदाज ३.४ अब्ज न्यूझीलंड डॉलरवरून ४.४ वर आणि मग ५.५ वर गेला. एलिझाबेथ लाईन डिसेंबर २०१८ मधे उघडायची होती, उघडली २४ मे २०२२ ला, आणि गंमत म्हणजे उशीर बोगदा खणण्याने झाला नाही, स्टेशनांची जुळवाजुळव आणि गाडीला एकाच फेरीत तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांशी बोलायला शिकवणं यात झाला. म्हणून लिंकचं सादरीकरण बघताना बोगद्याच्या चित्रावर भुलू नका, शेवटच्या दोन वर्षांचं वेळापत्रक मागा, म्हणजे चाचण्यांचं.

अजून एक, जे कुणी आधी सांगत नाही. लिंकमुळे गाड्या वाढल्या की फाटकं जास्त वेळ बंद राहतात. तासाला आठ गाड्यांचं फाटक सोळा गाड्यांना टिकत नाही, रस्त्यावरचे लोक ओरडतात आणि मग गाड्या वाढवण्यालाच विरोध होतो. ऑकलंडमधेही फाटकं काढून पूल बांधायचं काम मागे लागलंच. तुमच्या मार्गावर फाटकं असतील तर त्यांचे पूल हे लिंकच्या प्रकल्पातच असले पाहिजेत.

आणि लिंक म्हणजे नेहमी बोगदाच असतो असं नाही. दोन मार्ग एकमेकांना भेटतात तिथे गाडीला इंजिन फिरवून उलट जावं लागत असेल तर आठशे मीटरचा वळणाचा तुकडा पण लिंकच आहे. सिंगल लाईनवर एका क्रॉसिंग स्टेशनाची (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात) भर, हीसुद्धा त्याच कुटुंबातली. अशी छोटी कामं नकाशावर दिसत नाहीत म्हणून पुढाऱ्यांना आवडत नाहीत, तुम्ही मात्र ती आवर्जून मागा.

मग ठरवायचं कसं

कामांचा क्रम वेळापत्रकावरून ठरतो, आणि हे स्विस लोकांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांनी आधी ठरवलं की मोठ्या स्टेशनांमधलं अंतर तासाच्या आत बसलं पाहिजे म्हणजे गाड्या एकाच वेळी येतील आणि बदलता येतील, आणि मग त्यासाठी जिथे लागतो तिथेच नवा रूळ टाकला. झुरिक-बर्न ५६ मिनिटांवर आणायला ४५ किलोमीटरचा नवा मार्ग २००४ मधे उघडला. उलटं केलं की काय होतं ते मे २०१८ मधे इंग्लंडच्या उत्तरेत दिसलं, बोल्टनच्या विद्युतीकरणाला उशीर झाला, त्यामुळे वेळापत्रक शेवटच्या घटकेला परत लिहावं लागलं, चालकांचं प्रशिक्षण पुरं झालं नाही आणि आठवडेच्या आठवडे गाड्या रद्द होत राहिल्या.

माझं मत असं. स्टेशनं जवळजवळ आहेत, गाड्या बऱ्यापैकी आहेत पण सगळ्या डिझेलच्या, तर तारा आणि गाड्या एकत्र मागा, वेगळ्या कधीच नको. कॅलट्रेनचा आकडा एकत्र होता म्हणून काम एकत्र संपलं. तार आधीच आहे आणि गर्दीने जीव जातोय, तर डबे वाढवा, फलाट उचला, मग नवे रेक. आणि वहीत सगळ्यात मोठा आकडा शेवटच्या सिग्नलवर उभं राहण्याचा असेल, तर लिंकशिवाय इलाज नाही, पण ती येईपर्यंतच्या आठ-दहा वर्षांसाठी काहीतरी हातात घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.

बदल चालू असताना धावायचं कसं, हा प्रश्न तर पहिलाच विचारा. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर लोकल धावत होती, ती २५ हजार व्होल्ट एसीवर न्यायची तर एका रात्रीत कसं करणार? उत्तर गाडीत होतं. दोन्ही वीज चालतील असे रेक आधी आणले, मग तुकड्या-तुकड्याने तार बदलली, पश्चिम रेल्वेचं २०१२ मधे झालं, मध्य रेल्वेचं २०१५ मधे, हार्बरचं २०१६ मधे. मेगाब्लॉक झाले, त्रास झाला, पण लोकल बंद करून लोकांना वर्षभर घरी बसवलं नाही.

ऑकलंडच्या टोकाला पुकेकोहे नावाचं गाव आहे. २०१४-१५ मधे बाकी शहर विजेवर गेलं तेव्हा तारा पापाकुराला थांबल्या, शेवटचे १९ किलोमीटर राहून गेले. तिथल्या माणसांनी पुढची सात वर्षं पर्थहून आलेल्या त्याच जुन्या डिझेल गाडीत बसून पापाकुराला उतरायचं आणि फलाट ओलांडून विजेची गाडी पकडायची, असं केलं. मग २०२२ मधे तार टाकायला तो तुकडाच बंद केला आणि बस लावली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत. म्हणून प्रकल्पाच्या नकाशावर तार कुठे संपते ते स्टेशन शोधा आणि त्याच्या पुढच्या स्टेशनावर रोज किती माणसं चढतात ते विचारा.